घरात गाड्या दोन, पायाला सवय एक!

आमच्या थोरल्या बंधूंनी तीस वर्षे फटफटी चालवली. एवढ्या काळात त्यांनी कोणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही, हे चारठाण्यात कोणीही सांगेल. असा माणूस तीन वर्षांपूर्वी भर दुपारी, कोरड्या सडकेवर, बेताच्या वेगाने जाताना बैलगाडीवर आदळला. त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. मागे बसलेल्या वहिनींचे मनगट मोडले. मोटारसायकल नवी होती, तिचे ब्रेक शाबूत होते आणि दादांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. मग झाले काय? ब्रेक दाबायला गेलेल्या पायाने गिअर दाबला, एवढेच झाले.

दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा ते पहिले वाक्य हेच बोलले, "बापू, मी ब्रेक मारला होता रे. गाडीनं ऐकलं नाही." आजूबाजूची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. म्हातारा आपली चूक झाकतो आहे, असे काहींना वाटले असावे. पण दादा खोटे बोलत नव्हते. तीस वर्षे ज्या जागी ब्रेक होता, त्या जागी त्यांनी जीव खाऊन पाय मारला होता. ब्रेक मात्र त्या जागी नव्हता.

हा प्रकार एकट्या आमच्या घरचा असता तर आम्ही तो छापील कागदावर आणला नसता. परंतु आज खेड्यापाड्यांत आपल्या घरांतून एक जुनी आणि एक नवी अशा दोन तऱ्हेच्या गाड्या असतात. बापाची एक, मुलाची दुसरी, सुनेची तिसरी. शेजाऱ्याची गाडी मागून नेणे तर रोजचेच. चावी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण त्या गाडीचा ब्रेक कोणत्या पायाखाली आहे, हे कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

लिलावातली बुलेट

आमचे दादा गवंडी. चारठाणा, जिंतूर, सेलू या टापूत त्यांच्या हातची शेकडो घरे उभी आहेत. पूर्वी ते सायकलवर थापी, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल-नळी बांधून कामावर जात. पुढे १९९१ साली एका सरकारी लिलावात निघालेली जुनी बुलेट त्यांनी उसनेपासने करून घेतली. तिचा धडधड आवाज वस्तीत शिरला की पोरे सडकेवर धावत. कोणाची बाळंतीण असो, कोणाला विंचू चावलेला असो, रात्री-अपरात्री हाक यायची, "दादा, जयभीम. जरा गाडी काढता का?" आणि दादा किक मारायचे.

त्या बुलेटची घडण आजच्या गाडीच्या उलटी होती. गिअर उजव्या पायाखाली आणि मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. पहिला गिअर टाकायचा तर बोटांनी दांडा वर उचलायचा. दुसरा, तिसरा, चौथा टाकायचा तर खाली दाबायचे. वर एक, खाली तीन. न्यूट्रल सापडत नसेल तर त्यासाठी वेगळा छोटा दांडा होता, तो टाचेने दाबला की गाडी न्यूट्रलमध्ये येई. किक मारण्यापूर्वी ॲम्पिअरचा काटा मधोमध आणायचा, मुठीजवळचा डीकंपचा खटका दाबून इंजिन हलके करायचे, मग किक. हे सगळे दादांच्या अंगात असे मुरले होते की ते गप्पा मारत मारत गाडी सुरू करीत. आपण काय केले, हे त्यांना विचारले तर सांगता येत नसे.

पुढे गुडघे दुखू लागले. जड बुलेट मधल्या स्टँडवर चढवताना कंबर धरायची. तेव्हा पुतण्याने हप्त्यावर घेतलेली शंभर सीसीची हलकी गाडी दादा वापरू लागले. तिचा गिअर डाव्या पायाखाली आणि ब्रेक उजव्या पायाखाली. गिअर चारही खाली दाबायचे. पहिले आठ-दहा दिवस ते फार जपून चालवत. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी ओठांत पुटपुटत, "उजवा, उजवा." महिना झाला, दोन महिने झाले. आता जमले असे सर्वांना वाटले, त्यांनाही वाटले. पुटपुटणे थांबले. अपघात झाला तो तिसऱ्या महिन्यात.

कापूस वेचणीचे दिवस होते. दोघे नवरा-बायको नात्यातल्या लग्नाच्या बस्त्यासाठी जिंतूरकडे निघाले होते. शेतातल्या गाडीवाटेने कापसाची बैलगाडी अचानक सडकेवर आली. दादांचा डावा पाय जिथे तीस वर्षे ब्रेक होता तिथे जोराने गेला. त्या जागी आता गिअर होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, ती चौथ्यात गेली. थांबायची ती गाडी उलट मोकळी पळाली. उजव्या पायाला ब्रेकचे काम आठवेपर्यंत बैलगाडीचे चाक समोर आले होते.

याच घरात याच्या उलटही घडले आहे. पुतण्या नव्या गाडीवर शिकलेला. एकदा हौसेने त्याने दादांची बुलेट बाजाराच्या मोकळ्या जागेत काढली. समोर कुत्रे आले तसा त्याने उजवा पाय खाली दाबला. तिथे बुलेटचा गिअर. दुसऱ्यातली बुलेट तिसऱ्यात गेली आणि मंडपाच्या बांबूंवर जाऊन थांबली. वेग नव्हता म्हणून खरचटण्यावर भागले, आणि सगळे हसले. आज वाटते, त्या दिवशी हसायच्या ऐवजी आम्ही विचार करायला हवा होता. बाप-लेकांची चूक एकच होती. फक्त पाय वेगळा होता.

हे उजवे-डावे आले कोठून?

कोणी विचारेल, एकाच प्रकारच्या वाहनाला असे दोन उलटे कायदे का? याचे उत्तर इतिहासात आहे.

अगदी आरंभीच्या मोटारसायकलींना पायाचा गिअरच नव्हता. पेट्रोलच्या टाकीशेजारी एक दांडा असे, तो हाताने ओढावा लागे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील वेलोसेट कंपनीने असा गिअर आणला की पायाने एक टप्पा दाबला की एकच गिअर पडावा आणि दांडा पुन्हा आपल्या जागी यावा. आज सर्वत्र हीच पद्धत आहे. मात्र तो दांडा कोणत्या पायाखाली ठेवायचा, हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवले. इंग्लंडच्या बहुतेक गाड्यांनी उजवा पाय धरला. युरोपातल्या अनेक गाड्यांनी आणि पुढे जपानी गाड्यांनी डावा धरला.

बुलेट मूळची इंग्लंडची, रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कारखान्याची. १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना निघाला. इंग्रजी गाडी म्हणून तिचा गिअर उजवीकडे, तो तसाच आपल्याकडे आला. पुढे अमेरिकेच्या सरकारने नियम केला की १ सप्टेंबर १९७४ पासून बनणाऱ्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाखाली आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखालीच असला पाहिजे. इंग्रजी कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत, त्यामुळे त्यांना आपल्या गाड्यांचे दांडे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला न्यावे लागले. मद्रासच्या कारखान्यावर अशी सक्ती नव्हती. गाडी इथेच बनत होती आणि इथेच खपत होती. पोलीस, लष्कर, दूधवाले, शेतकरी सगळे उजव्या गिअरला सरावले होते. म्हणून जगाने सोडलेली रीत आपल्याकडे टिकून राहिली.

त्याच काळात आपल्या रस्त्यांवर दुसऱ्या तऱ्हाही होत्या. म्हैसूरला बनणाऱ्या जावा आणि येझदीचा गिअर डावीकडे होता, आणि गंमत म्हणजे तोच दांडा उलटा फिरवला की त्याची किक होई. १९७२ साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरचा गिअर तर पायात नव्हताच, तो डाव्या मुठीत होता. क्लच दाबून मूठ वर फिरवली की पहिला, खाली फिरवली की पुढचे तीन, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांशी करार करून शंभर सीसीच्या गाड्या आपल्याकडे बनू लागल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल कमी, वजन कमी, देखभाल कमी. मजुरी करणाऱ्या, हप्ता भरणाऱ्या माणसाच्या दारात मोटारसायकल आली ती या गाड्यांमुळे. त्यांचा गिअर डावीकडे. हळूहळू तीच रीत झाली. शेवटी बुलेटनेही २००० नंतरच्या दशकात उजवा गिअर सोडला. आज दुकानातून येणारी बुलेट पाच गिअरची आहे आणि तिचा गिअर डाव्या पायाखाली आहे. म्हणजे "बुलेट" हे एकच नाव असलेल्या दोन गाड्यांचे ब्रेक दोन वेगळ्या पायांखाली आहेत. नावावर विसंबणारा माणूस इथे फसतो.

गोष्ट इथेच संपत नाही. डाव्या पायाच्या गाड्यांतही एकमत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीचे चारही गिअर पुढे खाली दाबून पडतात. पल्सरसारख्या गाडीचा पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून. स्प्लेंडरवाला पल्सरवर बसला आणि गिअर वाढवण्यासाठी सवयीने खाली दाबू लागला, तर गिअर वाढण्याऐवजी उतरतो, गाडी हिसका देते आणि वेगात असेल तर मागचे चाक घसरू शकते. चालकाच्या परवान्यावर "गिअरसह मोटारसायकल" एवढेच लिहिलेले असते. डावा की उजवा, वर की खाली, हे तिथे कोणी विचारत नाही. ते आपले आपणच विचारायचे आहे.

पाय डोक्याला विचारत नाही

आता मुख्य मुद्दा. दादांना ब्रेक उजवीकडे आहे हे माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. झोपेतून उठवून विचारले असते तरी त्यांनी बरोबर सांगितले असते. मग चूक कशी झाली?

आम्ही पेशाने कारकून. टंकयंत्रावर मराठी शिकलो. पुढे कचेरीत संगणक आला आणि त्यावर इनस्क्रिप्टची वेगळी कळपाटी आली. अक्षरे तीच, पण प्रत्येकाची जागा बदललेली. आम्हाला नवी कळपाटी तोंडपाठ होती. तरी साहेब मागे उभे राहून "लवकर, लवकर" म्हणू लागले की बोटे जुन्या जागी जात आणि कागदावर भलतेच उमटे. हिशेबाचेही तसेच. आम्ही बी.कॉम.ला शिकलो की नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. आडतीवरच्या जुन्या मुनीमजींच्या देशी वहीत मात्र जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो घाईत एक वही सोडून दुसरी हाती घेतली की. कागदावरची चूक खोडता येते, सडकेवरची खोडता येत नाही.

माणसाने एखादी हालचाल हजारो वेळा केली की ती विचाराच्या ताब्यातून निघून सवयीच्या ताब्यात जाते. मेंदूचे विचार करणारे भाग वेगळे आणि सवयीच्या हालचाली सांभाळणारे भाग वेगळे. हे चांगलेच आहे, नाहीतर चालताना प्रत्येक पावलाचा विचार करावा लागला असता. पण सवय झटपट धावते आणि विचार मागून येतो. समोर अचानक बैल आला तर विचाराला वेळच मिळत नाही. सवय आपले काम करून मोकळी होते.

आपल्या परभणी जिल्ह्यात माणूस घरी मराठी बोलतो आणि बाजारात दखनी हिंदी. दोन्हींची सरमिसळ होत नाही. समोरचा चेहरा पाहिला की जीभ आपोआप बदलते. पण पायात बाभळीचा काटा मोडला तर तोंडातून कोणती भाषा निघते? आईची! पायाचेही असेच आहे. शांतपणे चालवताना तो दोन्ही गाड्यांच्या भाषा बोलतो. घाबरला की आधी शिकलेली भाषा बोलतो.

याचा एक नामी पुरावा आहे. डेस्टिन सँडलिन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एक उलटी सायकल करवून घेतली. हँडल उजवीकडे वळवले की तिचे चाक डावीकडे वळे. गुपित माहीत असूनही त्याला ती दहा पावलेसुद्धा चालवता येईना. रोज थोडा थोडा सराव करून ती जमायला त्याला सुमारे आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला मात्र ती दोन आठवड्यांत जमली. आणि पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. उलटी सायकल जमल्यावर त्याने साधी सायकल घेतली, तर तीही येईना. बराच वेळ धडपडल्यावर जुनी सवय परत आली. २०१५ साली त्याने हा प्रयोग जगापुढे ठेवला. माहिती असणे आणि अंगात मुरणे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून कळते. तरुण लवकर शिकतो, पिकल्या वयाला वेळ लागतो, हेही कळते. घरातल्या मुलांनी म्हाताऱ्या बापाला "बाबा, यात काय अवघड आहे?" असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण एका सबंध देशाचे. स्वीडनमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सरकारने सगळी वाहने थांबवून उजव्या बाजूला नेली. आता अपघातांचा खच पडेल अशी भीती होती. झाले उलटेच. सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येकजण डोळ्यांत तेल घालून चालवत होता. पुढे भीती ओसरली, दक्षता ओसरली आणि सुमारे दोन वर्षांत अपघात पूर्वीच्या पातळीवर आले. आमच्या दादांचा अपघात पहिल्या आठवड्यात झाला नाही, तिसऱ्या महिन्यात झाला, तो याच कारणाने. धोका पहिल्या दिवशी कमी असतो. "आता जमले" असे वाटू लागते, त्या दिवसापासून तो वाढतो.

डाव्या मुठीतली फसगत

आमच्या भगिनींनी हा भाग मुद्दाम वाचावा. आता घरोघरी बिनगिअरच्या स्कूटर आल्या आहेत. ॲक्टिव्हा आली, विजेवर चालणाऱ्या आल्या. चेतक हे नावसुद्धा २०२० पासून विजेच्या गाडीवर आले. जुन्या चेतकचा गिअर आणि क्लच ज्या डाव्या मुठीत होता, तिथे आता नुसता ब्रेक आहे.

मोटारसायकलच्या डाव्या मुठीत क्लच असतो आणि बिनगिअरच्या गाडीच्या डाव्या मुठीत मागचा ब्रेक. मोटारसायकलला सरावलेला भाऊ बहिणीची स्कूटर घेऊन निघतो. वळणावर सवयीने क्लच म्हणून डावी मूठ करकचून आवळतो. मागचे चाक जागीच अडते आणि वाळूवर गाडी घसरते. उलट, स्कूटरवर शिकलेली मुलगी कधी भावाची मोटारसायकल काढते. गाडी थांबवायला ती डावी मूठ दाबते. ब्रेक लागत नाही, क्लच दबतो. इंजिनाचा अटकाव सुटतो आणि उतारावर गाडी आणखी मोकळी धावते.

मागे बसणाऱ्या बाईचा विचार तर कोणी करतच नाही. एका बाजूला पाय टाकून, मांडीवर लेकरू घेऊन ती बसते. तिच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. आमच्या वहिनींचे मनगट जुळले, पण वाकडे जुळले. भाकरी थापताना आजही त्या मध्येच हात थांबवतात. चूक एकाच्या पायाची, भोग दुसऱ्याच्या हाताला.

सगळ्या गाड्यांत सारखे काय?

इतके वेगळेपण पाहिल्यावर प्रश्न पडतो की माणसाने भरवसा कशावर ठेवावा? याचे उत्तर फार कामाचे आहे. वर सांगितलेल्या सगळ्या गाड्यांत, जुनी बुलेट, येझदी, जुनी चेतक, नवी शंभर सीसी, बिनगिअरची, विजेची, एक गोष्ट सारखी आहे. उजव्या मुठीत रेस आणि उजव्या मुठीतच पुढच्या चाकाचा ब्रेक. पाय फसतील, डावी मूठ फसेल, पण उजवी मूठ फसत नाही.

खेड्यात मात्र पुढच्या ब्रेकची बदनामी झालेली आहे. "पुढचा दाबला की माणूस उलटा पडतो," असे सांगून पोरांना त्याला हातच लावू देत नाहीत. परिणाम असा की सगळा भार पायावर, आणि पाय चुकला की सगळेच चुकले. वस्तुतः गाडी थांबताना तिचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढचा ब्रेकच अधिक काम करतो. तो हिसका देऊन आवळू नये. रेस सोडावी, मूठ हळूहळू पण घट्ट दाबत न्यावी, हँडल सरळ ठेवावे आणि जोडीला मागचा ब्रेक लावावा. चिखल, वाळू आणि वळण असेल तिथे हात हलका ठेवावा. आमच्या दादांनी पुढचा ब्रेक वापरण्याची सवय ठेवली असती, तर पाय चुकूनही गाडी बरीच आवरली असती.

एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना जोड-ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले आहे. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सोय चांगली आहे. पण ती उपयोगी पडायची तर पाय आधी ब्रेकवर पडला पाहिजे!

चावी देण्यापूर्वी, चावी घेतल्यावर

आम्ही दादांच्या अपघातानंतर घरात काही नियम केले. ते खर्चाचे नाहीत, कोणालाही पाळता येतील.

१) गाडी देणाऱ्याने चावीबरोबर दोन वाक्ये द्यावीत. "ब्रेक या पायाखाली. गिअर असे पडतात." घेणाऱ्याने ती तोंडाने परत म्हणून दाखवावीत. यात कमीपणा नाही.

२) नव्या तऱ्हेची गाडी आधी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद ठेवून बसून पाहावी. "ब्रेक" असे मोठ्याने म्हणावे आणि योग्य पाय दाबावा. पन्नास वेळा, शंभर वेळा. पोरे हसतील, हसू द्यावीत.

३) मग कापणी झालेले रान किंवा बाजार उठल्यावरची मोकळी जागा गाठावी. गाडी चालवणे थोडे, थांबवणे जास्त. कोणी तरी अचानक "थांब!" ओरडावे आणि गाडी थांबवावी. घाबरल्यावर पाय कुठे जातो, ते तिथेच कळते.

४) पहिले काही आठवडे मागे कोणालाही बसवू नये. बायको-लेकरांना तर मुळीच नाही.

५) एकाच दिवशी दोन उलट्या गाड्या शक्यतो चालवू नयेत. चालवाव्याच लागल्या तर दुसरीवर बसल्यावर क्षणभर थांबून दोन्ही पाय आणि दोन्ही मुठी दाबून पाहाव्यात, मगच किक मारावी.

६) टाकीवर, डोळ्यांसमोर, लाल अक्षरांत "ब्रेक डावा" किंवा "ब्रेक उजवा" अशी चिठ्ठी डकवावी. ब्रेकच्या दांड्याला रंग देऊन उपयोग नाही, कारण चालवताना पायाकडे कोणी पाहत नाही.

७) सणवार, मयत, दवाखाना अशा घाईच्या वेळी अनोळखी गाडी हाती घेऊ नये. घाईतच जुनी सवय उसळते. जी गाडी ज्याच्या पायाखालची आहे, त्यालाच ती काढायला सांगावे.

काही जण जुन्या बुलेटचा गिअर सळ्या जोडून डावीकडे आणून घेतात. काम जाणत्या कारागिराचे आणि योग्य भागांचे असेल तर ठीक. वेल्डिंग मारून केलेल्या ढिल्या जोडणीत दांडा दाबला तरी गिअर पडेल याचा भरवसा नसतो. ब्रेकची जोडणी तशी असेल तर त्या गाडीवर बसूच नये. आणि डोक्यावर हेल्मेट हवेच. ते डाव्या-उजव्याचा भेद करत नाही.

शेवटी दादांचे

गवंड्याचा पाय मोडला म्हणजे घराची चूल मोडली. परांचीवर चढता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, रोज बंद. मांडीत सळई घालावी लागली. पुतण्याने शिक्षण मध्येच थांबवून गाडीचा हप्ता फेडण्यासाठी जालन्याला काम धरले. वर्षभर घर मागे गेले. श्रीमंताच्या घरी असा अपघात ही एक वाईट आठवण राहते. हातावर पोट असलेल्याच्या घरी ते कर्ज होऊन बसते. म्हणून एवढ्याशा दांड्याची गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

बरे झाल्यावर दादा म्हणाले, "आता गाडी नको." आम्हीही हो म्हटले. पण गवंड्याला कामावर जायला गाडी लागतेच. शेवटी सुटीत आलेल्या पुतण्याने त्यांना बाजाराच्या मोकळ्या जागेत नेले. ज्या मुलाला दादांनी हँडल धरायला शिकवले, तो आता बापाला शिकवत होता. "बाबा, थांबा!" असे तो अधूनमधून ओरडायचा. पहिल्या दिवशी दहांपैकी सहा वेळा दादांचा डावा पाय दबला. ते स्वतःवरच चिडले. पुतण्या म्हणाला, "चिडू नका बाबा. पाय तुमचं ऐकत नाही असं नाही, तो तुमचंच जुनं ऐकतोय."

दीड महिना रोज संध्याकाळी हे चालले. आता दादा नवी गाडी चालवतात. जुनी बुलेट अंगणात उभी असते. ते तिला महिन्यातून एकदा किक मारतात, आवाज ऐकतात आणि बंद करतात. ती विकायचे नाव काढले की गप्प बसतात. वहिनी पुन्हा मागे बसू लागल्या आहेत. मात्र निघण्यापूर्वी त्यांचा एक नेम आहे. गाडीवर बसल्या की त्या दादांच्या पाठीवर हात ठेवून विचारतात, "ब्रेक कुठला?"

दादा उजवा पाय दाबून दाखवतात. मगच गाडी फाटकाबाहेर पडते.